लुईव्हिल शहरातील प्रेक्षणीय स्थळे आणि एका शिक्षकाचा कबुलीजबाब
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी अमेरिकेहून परत आलो तेव्हा संस्थेच्या चिटणीसांनी मला आग्रहाने सांगितले की, यंदाच्या समारंभात तुम्ही तुमच्या प्रवासाविषयी बोला, मुलांना आवडेल. मी म्हटले, मी काही न्यूयॉर्क पाहिले नाही, वॉशिंग्टनचे व्हाइट हाउस पाहिले नाही. माझी पुतणी ज्या शहरात राहते तेवढे एक शहर मी दोन महिने पाहिले. ते म्हणाले, मग त्याच शहराबद्दल बोला. तेव्हा आज मी लुईव्हिल शहराची सैर तुम्हांला घडवणार आहे, आणि शेवटी एक गोष्ट स्वतःबद्दलही सांगणार आहे. ती सांगण्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले.

प्रथम नावाविषयी. हे नाव आपण लुईव्हिल असे वाचतो. तेथील माणसे मात्र ते इतक्या घाईत उच्चारतात की आपल्याला ‘लूव्हल’ एवढेच ऐकू येते. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या नावावरून हे नाव पडले. केंटकी राज्यात, ओहायो नदीच्या काठावर, 1778 साली जॉर्ज रॉजर्स क्लार्क याने ही वसाहत वसवली. आज शहराची लोकसंख्या सुमारे सव्वासहा लाख आहे. अमेरिकेच्या मानाने हे मध्यम आकाराचे शहर. आपल्या मुंबईच्या मानाने तर एक मोठा मोहल्लाच म्हणा ना!

नदी आणि तिच्यावरील पूल

कोणतेही शहर पाहायचे असेल तर ते तेथेच का वसले हे आधी विचारावे, असे मी वर्गात भूगोल शिकवताना सांगत असे. लुईव्हिलचे उत्तर नदीतच आहे. ओहायो नदी सुमारे सोळाशे किलोमीटर वाहते. त्या संपूर्ण वाटेवर नौकांना अडवणारा नैसर्गिक अडथळा एकच, आणि तो या ठिकाणी. येथे खडकांवरून नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने सुमारे 26 फूट खाली उतरते. पूर्वी नौका येथे रिकाम्या कराव्या लागत आणि माल खडकांच्या पलीकडे वाहून न्यावा लागे. माल उतरला की हमाल आले, वखारी आल्या, खानावळी आल्या आणि शहर उभे राहिले. 1830 साली बगलेने कालवा निघाला आणि नौकांची वाट मोकळी झाली.

ते खडक आजही पाहायला मिळतात. पलीकडच्या काठावर इंडियाना राज्यात ‘फॉल्स ऑफ द ओहायो’ नावाचे उद्यान आहे. नदीचे पाणी उतरले की चालत खडकांवर जाता येते. त्या खडकांत सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील प्रवाळांचे अवशेष रुतून बसले आहेत. आज समुद्र तेथून कितीतरी दूर, आणि पायाखाली मात्र समुद्रातले प्राणी! मी खाली बसून त्यांवरून हात फिरवला. अल्लाहच्या कुदरतीपुढे माणसाचे आयुष्य किती तोकडे आहे, हे पुस्तकापेक्षा तेथे चांगले समजते. मात्र तेथील एक खडाही उचलून नेण्यास मनाई आहे, आणि लोक तो नियम पाळतात.

या नदीचे दुसरेही एक स्थान इतिहासात आहे. गुलामगिरीच्या काळात दक्षिण काठावरचे केंटकी हे गुलामांचे राज्य होते, तर उत्तर काठावरच्या इंडियानात गुलामगिरीला मनाई होती. गुलामीतून पळालेली कित्येक माणसे जीव मुठीत धरून रात्रीच्या वेळी ही नदी ओलांडत. पलीकडे पोहोचल्यावरही पकडून आणणारे मागावर असतच. आज त्याच नदीवर ‘बिग फोर’ नावाचा पूल आहे. तो मुळात एकोणिसाव्या शतकातला रेल्वेचा पूल. गाड्या बंद झाल्यावर तो अनेक वर्षे दोन्ही टोकांनी तुटलेला, कोणाच्याही उपयोगाचा नसलेला असा उभा होता. मग 2013 साली एका बाजूने आणि 2014 साली दुसऱ्या बाजूने उतरण जोडून तो पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी खुला केला गेला. तिकीट नाही. संध्याकाळी सगळ्या रंगांची माणसे, बाबागाड्या घेऊन, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाय मोकळे करायला जातात. पुतणीची मुलगी माझे बोट धरून पुलावर थांबली आणि म्हणाली, “दादा, तुमचा एक पाय केंटकीत आणि एक पाय इंडियानात.” मी त्या जुन्या रात्रींचा विचार करीत होतो.

आगबोट, बॅट आणि घोडे

धक्क्यावर ‘बेल ऑफ लुईव्हिल’ ही वाफेवर चालणारी आगबोट उभी असते. ती 1914 साली बांधलेली आहे. मागे मोठे लाकडी चक्र फिरते आणि बोट पुढे जाते. 1962 साली ती जुनीपुराणी म्हणून लिलावात निघाली होती, तेव्हा स्थानिक शासनाने ती 34,000 डॉलरला विकत घेतली, दुरुस्त केली आणि तिला शहराचे नाव दिले. आता ती राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून नोंदलेली आहे. माझ्या वयाच्या पालकांना भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या आगबोटी आठवत असतील. पेट्या, बोचकी, उलट्या आणि पहाटे दिसणारे आपले बंदर! त्यातली एखादी तरी आपण जपून ठेवायला हवी होती, असे त्या बोटीवर उभा असताना मला वाटले.

मुख्य रस्त्यावर बेसबॉलच्या बॅटी तयार करणारा कारखाना आणि त्याचे संग्रहालय आहे. दाराशी 120 फूट उंचीची पोलादी बॅट इमारतीला टेकवून ठेवली आहे, जणू एखादा राक्षस खेळून आला आणि बॅट ठेवून जेवायला गेला! आत लाकडाचा ओंडका यंत्रावर फिरताना आणि थोड्याच वेळात त्याची बॅट झालेली दिसते. आपली क्रिकेटची बॅट विलोच्या लाकडाची असते, त्यांची मेपल किंवा अ‍ॅशच्या लाकडाची. निघताना प्रत्येकाला एक वीतभर बॅट भेट मिळते. माझी बॅट मी आपल्या शाळेच्या क्रीडा विभागाला दिली आहे.

लुईव्हिलचे नाव जगभर झाले ते मात्र घोड्यांमुळे. ‘चर्चिल डाउन्स’ या मैदानावर 1875 पासून दरवर्षी ‘केंटकी डर्बी’ ही शर्यत होते. हल्ली ती मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी होते. अंतर सव्वा मैल, म्हणजे सगळा खेळ दोन मिनिटांचा. 1973 साली सेक्रेटॅरियट नावाच्या घोड्याने हे अंतर दोन मिनिटांच्या आत पार केले आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. शर्यतीवर पैसे लावणे आपल्याला हराम आहे, हे मी तुम्हांला सांगायला नको. मी शर्यतीच्या दिवशी गेलो नाही. पण मैदानाला लागून संग्रहालय आहे, ते अवश्य पाहावे, आणि त्याचे कारण वेगळे आहे.

1875 सालच्या पहिल्या शर्यतीत 15 घोडे धावले. त्यांतील 13 घोड्यांचे स्वार कृष्णवर्णीय होते, आणि जिंकणारा ऑलिव्हर लुईसही कृष्णवर्णीयच. पुढे आयझॅक मर्फी नावाच्या कृष्णवर्णीय स्वाराने ही शर्यत तीन वेळा जिंकली. गुलामगिरीच्या काळात घोड्यांची देखभाल याच लोकांकडे होती, म्हणून विद्या त्यांच्या हातात होती. परंतु शर्यतीत पैसा आणि मान वाढला तसे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांना हळूहळू मैदानाबाहेर ढकलण्यात आले. हुनर त्यांचाच होता, पण दरवाजा दुसऱ्याच्या ताब्यात होता. विद्यार्थी मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढच्या दोन स्थळांचा त्याच्याशी संबंध आहे.

एक वाचनालय आणि एक छापखाना

आता मी तुम्हांला अशा दोन ठिकाणी नेतो जेथे प्रवासी सहसा जात नाहीत.

शहराच्या पश्चिम भागात दहाव्या रस्त्यावर विटांची एक छोटी, नेटकी इमारत आहे. ते सार्वजनिक वाचनालयाची पश्चिम शाखा. विसाव्या शतकाच्या आरंभी लुईव्हिलच्या सार्वजनिक वाचनालयात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. अल्बर्ट मेझीक नावाचे एक कृष्णवर्णीय मुख्याध्यापक होते. आपल्या विद्यार्थ्यांना पुस्तके मिळत नाहीत हे त्यांना सहन होईना. त्यांनी वाचनालयाच्या मंडळाकडे दाद मागितली आणि पाठपुरावा सोडला नाही. अखेर 1905 साली एका घराच्या भाड्याच्या तीन खोल्यांत कृष्णवर्णीयांसाठी शाखा सुरू झाली. 1908 साली अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून आजची इमारत उभी राहिली. कृष्णवर्णीयांसाठी असलेले आणि कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनीच चालवलेले अमेरिकेतील पहिले सार्वजनिक वाचनालय म्हणून ते ओळखले जाते.

त्याचे प्रमुख थॉमस फाउंटन ब्लू यांनी तेथे नुसती पुस्तके दिली नाहीत. मुलांसाठी गोष्टींचे तास सुरू केले, वादविवाद मंडळे चालवली, शाळांच्या वर्गांत पुस्तके पाठवली, आणि ग्रंथपाल होऊ इच्छिणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांना शिकवले. दुसऱ्या शहरांतून मुली शिकायला त्यांच्याकडे येत. मुख्य वाचनालयाचा दरवाजा आणखी सुमारे चाळीस वर्षे बंदच राहिला. हे लोक मात्र दरवाजा उघडण्याची मागणी करीत राहिले आणि तोपर्यंत आपल्या मुलांना वाचायलाही लावीत राहिले. दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली. आपल्या समाजात आपण बहुधा यांपैकी एकच करतो. मागणी करतो तेव्हा वाचायचे राहते, आणि वाचायला बसलो की मागणी विसरतो.

मी गेलो तेव्हा दुपारची वेळ होती. दोन मुली टेबलाशी बसून गणिते सोडवीत होत्या. ग्रंथपाल बाईंनी मी कोठून आलो ते विचारले. मी म्हटले, हिंदुस्थानातून, मीही शिक्षक आहे. त्यांनी मला सगळी इमारत हिंडून दाखवली. इमारत आपल्या शाळेच्या सभागृहापेक्षा फार मोठी नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

दुसरे ठिकाण फ्रँकफर्ट अ‍ॅव्हेन्यूवर आहे. 1858 साली केंटकीच्या विधिमंडळाने अंधांसाठी पुस्तके छापणारी एक संस्था स्थापन केली. बोटांनी वाचता येतील अशा उठावाच्या अक्षरांची पुस्तके तेथे छापू लागली, आणि 1879 साली केंद्र सरकारने कायदा करून तिला नियमित निधी दिला, तो अशासाठी की देशातील सर्व अंध विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके मिळावीत. आजही ब्रेलमधील पुस्तके, स्पर्शाने समजणारे नकाशे, बोलणारी पुस्तके तेथे तयार होतात. अलीकडे त्यांच्या संग्रहालयाची नव्याने उभारणी हाती घेण्यात आली, म्हणून जाणाऱ्याने आधी चौकशी करून जावे. मला एका गोष्टीने विचारात पाडले. 1858 साली त्या देशात गुलामगिरी चालू होती. त्याच राज्यात कोणाला तरी वाटले की आंधळ्या मुलालाही भूगोल शिकता आला पाहिजे. माणसांच्या एका समाजात जुलूम आणि दया शेजारी शेजारी राहू शकतात. आपण कोणत्या बाजूला हात लावायचा, हा प्रश्न उरतो.

जाता जाता एडिसनचाही उल्लेख करतो, कारण तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याचे नाव आहे. थॉमस एडिसन एकोणीस वर्षांचा असताना, 1866 साली, लुईव्हिलमध्ये तारायंत्रावर नोकरीला आला. रात्रपाळी मागून घेई, म्हणजे वाचायला आणि प्रयोग करायला वेळ मिळे. एके रात्री बॅटरीचे आम्ल सांडले, ते फटींतून खाली साहेबाच्या खोलीत गळले, आणि दुसऱ्या दिवशी एडिसनची नोकरी गेली. तो ज्या भागात भाड्याने राहिला तेथील एक लहानसे घर आता संग्रहालय म्हणून पाहायला मिळते.

सायकल चोरीला गेलेला मुलगा

आता ज्या नावाची तुम्ही वाट पाहत आहात त्याकडे येतो. तुम्ही लुईव्हिलला उतरता तेव्हा विमानतळावरच त्याचे नाव दिसते. 2019 पासून त्या विमानतळाला मुहम्मद अली यांचे नाव आहे. शहरातील जुन्या वॉलनट रस्त्याला 1978 पासून त्यांचेच नाव आहे. नदीकाठी 2005 साली उघडलेले ‘मुहम्मद अली सेंटर’ हे शहरातील पहिले पाहण्याजोगे स्थळ. त्यासाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवावा.

कॅशियस क्ले या नावाने 1942 साली या शहरात जन्मलेला हा मुलगा. वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत, आई लोकांच्या घरी काम करी. 1954 साली, बारा वर्षांचा असताना, तो कोलंबिया सभागृहात भरलेले प्रदर्शन पाहायला गेला आणि बाहेर आला तो त्याची नवी लाल सायकल नाहीशी. रडत, चोराला बदडून काढीन असे ओरडत तो तळघरात गेला. तेथे जो मार्टिन नावाचे पोलीस मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असत. त्यांनी सांगितले की आधी लढायला शीक, मग बदड. तेथून सुरुवात झाली. 1960 साली रोममध्ये ऑलिंपिकचे सुवर्णपदक, 1964 साली जागतिक अजिंक्यपद, आणि लगेच इस्लामचा स्वीकार जाहीर करून नवे नाव. प्रथम ते ‘नेशन ऑफ इस्लाम’ या संघटनेत होते. 1972 साली त्यांनी हज केला आणि 1975 नंतर ते सर्वसाधारण सुन्नी मार्गावर आले.

1967 साली व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास त्यांनी धर्मश्रद्धेच्या आधारावर नकार दिला. अजिंक्यपद काढून घेतले गेले, पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली, आणि ऐन उमेदीची साडेतीन वर्षे त्यांना रिंगणात उतरता आले नाही. 1971 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती शिक्षा रद्द केली. 1980 साली ते हिंदुस्थानात आले होते आणि मद्रासला त्यांच्या प्रदर्शनी लढती झाल्या, हे येथील काही पालकांना आठवत असेल. समोर जिमी एलिस होता, तोही लुईव्हिलचाच मुलगा.

सेंटरमध्ये हे सर्व क्रमाने मांडलेले आहे. सायकल आहे, सरावाचे रिंगण आहे, ठोसे मारून पाहण्याची सोय आहे. आमच्या नातीने मला हातमोजे घालायला लावले. जगातल्या अनेक देशांतील मुलांनी काढलेल्या हजारो लहान लहान चित्रांची एक भिंतही आहे. तेथून काही मिनिटांच्या अंतरावर जुने कोलंबिया सभागृह आजही उभे असून त्याच्या दारावर एक लाल सायकल टांगली आहे.

शहराच्या पूर्वेस ‘केव्ह हिल’ हे 1848 सालचे मोठे कब्रस्तान आहे. झाडी आणि तळी इतकी की लोक तेथे फिरायला येतात. चिकनवाले कर्नल सँडर्स तेथेच पुरलेले आहेत. आणि तेथेच अलींची कबर आहे. 3 जून 2016 रोजी त्यांचे निधन झाले, 9 जूनला शहरातील मोठ्या सभागृहात जनाजाची नमाज झाली, हजारो लोक आले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची अंत्ययात्रा त्यांच्या लहानपणीच्या घरावरून निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सर्व धर्मांची माणसे उभी होती. कबरीचा दगड साधा आहे. मी तेथे फातिहा पढलो. एक गोरे गृहस्थ बाजूला टोपी काढून उभे राहिले आणि माझे होईपर्यंत हलले नाहीत.

माझा कबुलीजबाब

आता शाळेकडे येतो. कॅशियस क्ले सेंट्रल हायस्कूलमध्ये शिकला. वाचनात तो फार मागे होता. आपल्याला अक्षरे नीट लागत नसत, हे पुढे त्याने स्वतः सांगितले. लहानपणी तो शाळा सुटल्यावर जवळच्या कॉलेजच्या वाचनालयात झाडपूस करी आणि तेथेच कधी टेबलावर झोपून जाई. 1960 साली शाळा संपण्याच्या वेळी काही शिक्षकांचे म्हणणे पडले की त्याला प्रमाणपत्र देऊ नये, शाळेची इभ्रत जाईल. तेथील मुख्याध्यापक अ‍ॅटवुड विल्सन शिस्तीचे कडक म्हणून प्रसिद्ध होते. ते शिक्षकांच्या सभेत उभे राहिले आणि त्यांनी या मुलाची बाजू घेतली. एक दिवस असा येईल की याला आम्ही शिकवले हीच आमची सर्वांत मोठी ओळख ठरेल, अशा अर्थाचे ते बोलले. मुलाला प्रमाणपत्र मिळाले. 391 विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक 376 वा होता.

मित्रहो, ही हकिकत मी त्या शहरात असताना एका पुस्तकात वाचली आणि पुस्तक मिटून बसलो. कारण अशाच एका सभेत मीही बसलेलो आहे. ती शाळा ही नव्हे, आणि तिचे नाव मी सांगणार नाही, कारण दोष माझा होता. सहामाहीचे निकाल लागले होते. दहावीच्या वर्गात एक मुलगा इंग्रजी आणि गणितात नापास होता. शाळेचा निकाल त्या वर्षी शंभर टक्के लावायचा होता. मुख्याध्यापकांनी मला विचारले, याचा बोर्डाचा फॉर्म भरावा काय? मी वर्गशिक्षक. मी म्हटले, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी तयारीने बसेल. निकाल शंभर टक्के लागला. सत्कार झाला. तो मुलगा पुढच्या वर्षी आलाच नाही.

वीस वर्षांनी तो मला बंदरावर भेटला. अदबीने सलाम केला, चहा पाजला. त्याला होडीसाठी बँकेचे कर्ज काढायचे होते आणि अर्ज भरायला लिहिणारा माणूस पाहिजे होता. मी अर्ज भरू लागलो. नाव, पत्ता, वय. मग रकाना आला, शिक्षण. मी थांबलो. तो म्हणाला, “लिहा ना सर, नववी पास.” त्याच्या आवाजात राग नव्हता. ते दोन शब्द मी माझ्या हाताने लिहिले. आयुष्यात लाखो शब्द लिहिले असतील, त्या दोन शब्दांइतके जड कोणतेच नव्हते.

कोणी म्हणेल, तो काही मुहम्मद अली नव्हता. बरोबर आहे. पण विल्सनसाहेबांनाही 1960 च्या उन्हाळ्यात ते ठाऊक नव्हते. तो मुलगा रोमला जाऊन सुवर्णपदक घेऊन आला, ते प्रमाणपत्र मिळाल्यानंतर. आणि समजा तो पहिल्याच लढतीत हरून परत आला असता आणि वडिलांसारख्या पाट्या रंगवीत राहिला असता, तरी ते प्रमाणपत्र द्यायला हवेच होते. अर्जातील तो रकाना पाट्या रंगवणाऱ्यालाही भरावाच लागतो.

विद्यार्थ्यांनी यातून असा अर्थ काढू नये की अभ्यास केला नाही तरी चालते. 376 व्या क्रमांकावरचा एक मुलगा जगज्जेता झाला, पण उरलेल्या 390 मुलांचे संसार शाळेने दिलेल्या विद्येवरच उभे राहिले असणार. पहाटे उठून धावण्याची त्याची शिस्त तुमच्या अंगी असेल तर पुस्तकही तुमचे होईल. पालकांना माझी विनंती आहे की मूल मागे पडले तर त्याला लगेच दुकानावर बसवू नका, आणि मुलगी असेल तर तिच्या निकाहाची घाई करू नका. ते का मागे पडले हे आधी पाहा. कधी डोळ्यांचा दोष असतो, कधी कानांचा, कधी अक्षरे डोळ्यांपुढे नाचतात. मार देऊन यांतले काहीच बरे होत नाही.

आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे मी दोन मागण्या ठेवतो. पहिली, टक्केवारी राखण्यासाठी कोणाही मुलाचा किंवा मुलीचा फॉर्म अडवू नये. निकाल नव्वद टक्के लागला तर पुढच्या वर्षी या व्यासपीठावरून मी स्वतः त्याचे समर्थन करीन. दुसरी, आपली वाचनालयाची खोली दुपारी चारला बंद होते. ती रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी आणि त्यातला ठराविक वेळ मुलींसाठी राखावा. लुईव्हिलच्या लोकांनी भाड्याच्या तीन खोल्यांत सुरुवात केली होती. आपल्याकडे स्वतःची एक खोली, पंखा आणि दिवा आहे. कुलूप उघडायला माणूस नसेल तर मी निवृत्त आहे आणि माझे घर जवळ आहे. किल्ली माझ्याकडे द्यावी.

तुमच्यापैकी कोणी इन्शाअल्लाह पुढे शिकायला किंवा नोकरीला त्या देशात जाल. लुईव्हिलला गेलात तर जुम्म्याची नमाज चुकवू नका. तेथे बोस्नियातून आणि सोमालियातून आलेले भाऊ तुमच्या शेजारी उभे असतील. डर्बीच्या आठवड्यात जाऊ नका, राहण्याचे दर फार चढतात. संध्याकाळी पुलावर चाला, अलींच्या कबरीवर फातिहा पढा, आणि वेळ काढून दहाव्या रस्त्यावरचे ते छोटे वाचनालय पाहा.

 अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो आणि आम्हां शिक्षकांना कोणाचीही वाट न अडवण्याची बुद्धी देवो. आमीन. खुदा हाफिज.